प्रतिसादाची मोजपट्टी : मूलपेशी प्रत्यारोपणानंतरच्या प्रतिकार-विकारावरील वैद्यकीय संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

प्रत्यारोपण म्हटले की 'नाकारणे' हा शब्द ओघाने येतो. मूत्रपिंड बसवले आणि शरीराने ते नाकारले, हे सामान्य वाचकालाही ठाऊक असते. अस्थिमज्जेच्या किंवा रक्तातील मूलपेशींच्या प्रत्यारोपणात मात्र हीच क्रिया उलट्या दिशेनेही घडू शकते. येथे आलेला पाहुणा यजमानाला नाकारतो. दात्याच्या मूलपेशींबरोबर त्याच्या टी-पेशीही रुग्णाच्या शरीरात येतात. रुग्णाची त्वचा, आतडी व यकृत त्यांना परके वाटतात आणि त्या त्यांच्यावर चाल करून जातात. या विकाराचे इंग्रजी नाव ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. मराठीत 'कलम-यजमान विकार' म्हणता येईल. परंतु आंब्याच्या कलमात कलमकाडी खुंटावर उलटत नाही, त्यामुळे हा शब्द लिहिताना लेखणी थोडी अडखळते. म्हणून प्रस्तुत लेखात जीव्हीएचडी हे रूढ संक्षिप्त रूपच वापरले आहे.

या विकारावरील औषधोपचारांचा इतिहास सांगणे हा लेखाचा हेतू नाही. गेल्या सुमारे पन्नास वर्षांच्या संशोधनात 'औषध लागू पडले' हे कशावरून ठरवले गेले आणि त्या ठरविण्याच्या रीतीने औषधांची निवड कशी घडवली, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यक नाही. पदवीच्या वर्गाला प्रतिकारशक्तिशास्त्र शिकविणारा आहे. तरीही संशोधनपत्रिकेतील एखादा आकडा रुग्णाच्या कुटुंबापुढे ठेवला जातो आणि त्यावर घर गहाण टाकण्याचे निर्णय होतात, तेव्हा तो आकडा कसा तयार झाला हे विचारण्याचा अधिकार केवळ वैद्यकांपुरता राहत नाही.

मारणारी आणि तारणारी पेशी

या विषयाची पहिली अडचण निसर्गानेच निर्माण केली आहे. १९५६ साली इंग्लंडमधील हारवेल येथे बार्न्स, लुटिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर किरणांचा मारा करून त्यांना दुसऱ्या वंशाच्या उंदरांची मज्जा दिली. ल्युकेमिया हटल्यासारखा दिसला. पण उंदीर पुढे खंगून मेले. या खंगण्याला तेव्हा 'दुय्यम रोग' म्हटले गेले. १९६६ साली बिलिंगहॅम यांनी हा विकार होण्यासाठी तीन अटी सांगितल्या : कलमात प्रतिकारक्षम पेशी असाव्यात, यजमानाच्या ऊतींमध्ये कलमाला परके वाटेल असे काही असावे, आणि यजमान त्या पेशींना परतवून लावण्यास असमर्थ असावा. या तीन अटी आजही परीक्षेत विचारल्या जातात व विद्यार्थी त्या पाठ लिहितात.

परंतु हारवेलच्या उंदरांनी दाखविलेली दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात बहुधा तळटीपेइतकीच जागा मिळवते. ज्या पेशी यजमानाची कातडी जाळतात त्याच पेशी त्याच्या रक्तात उरलेला कर्करोगही मारतात. १९७९ साली वायडेन व त्यांच्या सिएटलमधील सहकाऱ्यांनी माणसांत हे दाखवून दिले. जीव्हीएचडी झालेल्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण तो न झालेल्यांपेक्षा अडीच पटींनी कमी होते. १९९० साली होरोविट्झ व सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील २,२५४ रुग्णांच्या माहितीवरून हाच निष्कर्ष बळकट केला. त्यांच्या विश्लेषणातील एक भाग तर बोलका आहे. दात्याच्या मज्जेतून टी-पेशी गाळून काढल्या की जीव्हीएचडी कमी होतो. पण विशेषतः दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात रोग उलटण्याचा धोका वाढतो.

याचा अर्थ असा की या क्षेत्रात 'विकार कमी झाला' हे वाक्य एकटे उभे राहू शकत नाही. विकार कमी होऊन रुग्ण ल्युकेमियाने गेला, तर औषध यशस्वी ठरले की अपयशी? हा प्रश्न १९७९ पासून संशोधकांच्या समोर होता. तरीही पुढील कित्येक दशकांच्या चाचण्यांत मुख्य निकष म्हणून विकाराची श्रेणी किंवा तिच्यात पडलेला फरक हाच घेतला गेला. प्रस्तुत टीकेचा मुख्य रोख येथेच आहे.

मोजपट्टीचा जन्म आणि तिचा रंग

ही श्रेणी आली १९७४ साली. ग्लुक्सबर्ग व सहकाऱ्यांनी भावंडांकडून मज्जा मिळालेल्या सिएटलमधील रुग्णांच्या निरीक्षणावरून तीन अवयवांची मापे ठरवली : त्वचेवरील पुरळ शरीराच्या किती भागावर आहे, रक्तातील बिलिरुबिन किती आहे आणि चोवीस तासांत पातळ शौचाचे प्रमाण किती आहे. पुरळ २५ टक्क्यांहून कमी भागावर असेल तर पहिली पायरी, ५० टक्क्यांपर्यंत दुसरी. बिलिरुबिन २ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की यकृत मोजणीत येते, शौच ५०० मिलिलिटरच्या पुढे गेले की आतडे. तिन्हींच्या बेरजेतून एक ते चार अशी एकूण श्रेणी निघते.

त्या काळच्या साधनांचा विचार करता ही मोजणी अत्यंत व्यवहार्य होती, हे मान्य केले पाहिजे. खाटेपाशी उभे राहून, प्रयोगशाळेची फारशी मदत न घेता ती करता येत असे. १९९५ साली व २०१६ साली तिच्यात सुधारणा झाल्या. शौचाचे माप मिलिलिटरांऐवजी दिवसातील वेळांवरूनही घेता येऊ लागले. पण २०१६ च्या सुधारित निकषांतही त्वचेच्या बाबतीत गणनेत धरली जाते ती 'लाल' पुरळ, म्हणजे सक्रिय लाली.

गव्हाळ, सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली कशी दिसते? ती जांभळट, राखाडी किंवा नुसती अधिक गडद दिसते. कित्येकदा डोळ्यांपेक्षा हाताला, त्वचेच्या उष्णतेवरून व खरबरीतपणावरून अधिक कळते. पुरळ ओसरल्यावर आपल्या त्वचेवर काळसर डाग महिनोन्महिने राहतात. म्हणजे सुरुवातीला विकार कमी लेखला जाण्याची आणि नंतर बरा झालेला विकारही चालू आहे असे वाटण्याची, अशी दुहेरी चूक संभवते. 'प्रतिसाद' म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या श्रेणीतील फरक असल्याने दोन्ही टोकांची चूक त्यात उतरते, आणि ती औषधाच्या विरुद्ध पडेल की बाजूने, हे आधी सांगता येत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून आपल्याकडील वैद्य ही मोजपट्टी आपल्या रुग्णांच्या त्वचेवर लावत आले आहेत, आणि अनुभवी डोळा तिच्यात मनातल्या मनात दुरुस्तीही करीत असणार. मात्र मनातली दुरुस्ती नोंदवहीत उतरत नाही.

शौचाची गोष्टही अशीच. जेथे आतड्याचे संसर्ग सर्रास आढळतात आणि बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात सायटोमेगॅलो विषाणू आधीपासून सुप्त असतो, तेथे प्रत्यारोपणानंतरची हगवण जीव्हीएचडीची की संसर्गाची हे केवळ प्रमाणावरून ठरत नाही. एकाला प्रतिकारशक्ती दाबणारे औषध हवे, दुसऱ्याला नको. मोजपट्टीला हा फरक दिसत नाही. त्यासाठी आतड्याचा तुकडा तपासावा लागतो.

अट्ठाविसावा दिवस

उपचार सुरू केल्यापासून अट्ठाविसाव्या दिवशी श्रेणी खाली आली का, हा तीव्र जीव्हीएचडीवरील चाचण्यांचा रूढ निकष. तो अगदीच निराधार नाही. अट्ठाविसाव्या दिवशी प्रतिसाद देणारे रुग्ण पुढील सहा महिन्यांत रोगाव्यतिरिक्त कारणांनी कमी दगावतात, असे मोठ्या नोंदींवरून दिसून आले आहे. परंतु ज्यांना प्रतिसाद मिळतो ते पुढे जगतात, यावरून जे औषध प्रतिसाद वाढवते ते आयुष्यही वाढवते असे सिद्ध होत नाही. सौम्य विकाराचा रुग्ण प्रतिसादही देईल आणि जगेलही. औषध तेथे केवळ साक्षीदार असू शकते.

अमेरिकेतील सरकारी निधीवर चालणाऱ्या प्रत्यारोपण चाचणी जाळ्याने २००९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १८० रुग्णांना स्टेरॉइडसोबत चारपैकी एक औषध देण्यात आले. अट्ठाविसाव्या दिवशी पूर्ण प्रतिसाद इटानरसेप्टला २६ टक्के, पेंटोस्टॅटिनला ३८, डेनिल्युकिनला ५३ आणि मायकोफेनोलेटला ६० टक्के. शर्यतीचा निकाल स्पष्ट होता. मग त्याच जाळ्याने विजेत्याला खऱ्या कसोटीस लावले : स्टेरॉइड अधिक मायकोफेनोलेट विरुद्ध स्टेरॉइड अधिक प्लासिबो. येथे निकषही बदलला. छप्पन्नाव्या दिवशी विकारमुक्त जिवंत असणे हे माप घेतले. २३६ रुग्ण झाल्यावर चाचणी थांबवावी लागली, कारण फरक दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. औषधाच्या यशापेक्षा असे प्रामाणिक अपयश अधिक शिकवते, हे माझे मत आहे. पण वर्गात अपयशाचे निबंध कोण वाचायला देतो?

पुढे इटॅसिटिनिबच्या ४३९ रुग्णांच्या चाचणीत अट्ठाविसाव्या दिवसाचा प्रतिसाद ७४ टक्के आला. तुलनागट नसता तर हा आकडा गाजला असता. पण तुलनागट होता, आणि त्यातील केवळ स्टेरॉइड व प्लासिबो घेणाऱ्यांचा प्रतिसाद ६६ टक्के होता. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही.

हे लक्षात ठेवून एकाच गटाच्या, म्हणजे तुलनागट नसलेल्या चाचण्यांकडे पाहिले पाहिजे. दीर्घकालीन जीव्हीएचडीसाठी इब्रुटिनिबला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली मान्यता दिली, ती ४२ रुग्णांच्या एकगटी अभ्यासावर. पुढे प्रथमोपचारात स्टेरॉइडसोबत तेच औषध प्लासिबोच्या तुलनेत तपासले, तेव्हा १९३ रुग्णांत लाभ दिसला नाही. अर्थात दोन्ही चाचण्यांतील रुग्ण एकाच अवस्थेतील नव्हते, त्यामुळे दुसरी पहिलीला थेट खोटी ठरवीत नाही. पण पहिलीने काय सिद्ध केले होते, हा प्रश्न मात्र उघडा राहतो.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण मेसेंकायमल पेशींचे. २००४ साली स्वीडनमधील कॅटरिना ल ब्लांक व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचा वृत्तांत दिला. कोणत्याही औषधाला न जुमानणारा चौथ्या श्रेणीचा विकार या पेशींनी आटोक्यात आला होता. वृत्तांत विलक्षण होता आणि त्याने जगभर आशा निर्माण केली. त्यावर आधारलेल्या रेमेस्टेमसेल या उत्पादनाची २६० रुग्णांवरील चाचणी झाली. किमान अट्ठावीस दिवस टिकणारा पूर्ण प्रतिसाद उपचारगटात ३५ टक्के आणि प्लासिबो गटात ३० टक्के. म्हणजे मुख्य निकषावर अपयश. नंतर लहान मुलांच्या उपगटात लाभाची चिन्हे दिसली म्हणून सुमारे पन्नास मुलांवर एकगटी अभ्यास झाला. सल्लागार समितीने २०२० साली अनुकूल कौल दिला, तरी प्रशासनाने त्याच वर्षी आणि पुन्हा २०२३ साली मान्यता नाकारली, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ती दिली. एका मात्रेची जाहीर किंमत १ लाख ९४ हजार डॉलर. ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही अशा मुलांसाठी प्लासिबोची चाचणी मागणे निर्दयपणाचे वाटते, हे खरे. पण पुरावा अपुरा असताना किंमत मात्र पुरेपूर असावी, यालाही दयाळूपणा म्हणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर रक्सोलिटिनिबचा अभ्यास बराच उजवा ठरतो. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र विकारात ३०९ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अट्ठाविसाव्या दिवशी प्रतिसाद ६२ टक्के, तुलनागटात ३९. मात्र तोच निबंध पुढे वाचला की छप्पन्नाव्या दिवसापर्यंत टिकलेला प्रतिसाद ४० टक्के विरुद्ध २२ टक्के असल्याचे आढळते. उद्धृत होतो तो ६२ चा आकडा. शिवाय कोणाला काय औषध चालू आहे हे तपासणाऱ्या वैद्यांना माहीत होते, आणि ते तपासत होते ती पुरळ व हगवण. जगण्याच्या प्रमाणातील फरकही निर्णायक ठरला नाही. तुलनागटातील रुग्णांना नंतर तेच औषध घेण्याची मुभा होती, हे त्याचे एक कारण असू शकते. औषध उपयुक्त आहे याबद्दल मला शंका नाही. किती उपयुक्त, याचे उत्तर निबंधाच्या सारांशात मिळत नाही, एवढेच म्हणणे आहे.

जुने औषध, नवा निकष

२०१५ साली होल्टन व सहकाऱ्यांनी एक संयुक्त निकष मांडला. रुग्ण जिवंत आहे, मूळ रोग उलटलेला नाही, तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीचा तीव्र विकार झालेला नाही आणि सर्वांगीण औषधे घ्यावी लागतील असा दीर्घकालीन विकारही झालेला नाही, या चारही गोष्टी एकत्र असतील तरच यश. मारणारी आणि तारणारी पेशी एकच आहे, ही अडचण या निकषाने प्रथमच हिशेबात धरली. टी-पेशी सरसकट दाबणाऱ्या औषधाला येथे रोग उलटण्याच्या रकान्यात किंमत मोजावी लागते.

आणि निकष बदलताच विजेताही बदलला. सायक्लोफॉस्फामाइड हे १९५० च्या दशकाच्या अखेरीचे, आज अत्यंत स्वस्त असलेले कर्करोगावरील औषध. ते प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी मोठ्या मात्रेत द्यायचे, ही कल्पना १९६० च्या दशकातील उंदरांवरील प्रयोगांपर्यंत मागे जाते. जॉन्स हॉपकिन्स येथील लुझनिक, फुक्स व सहकाऱ्यांनी ती अर्ध्याच जुळणाऱ्या दात्यांच्या, म्हणजे आई-वडील, मुले वा भावंडे यांच्या बाबतीत रुजवली. प्रत्यारोपणासाठी आलेल्या परक्या टी-पेशी यजमानाला पाहून पहिल्या दोन-तीन दिवसांत वेगाने विभागू लागतात. तेव्हाच घाव घातला तर त्या मरतात आणि शांत राहिलेल्या मूलपेशी वाचतात, असे स्पष्टीकरण दिले जात असे. मीही ते वर्गात अनेक वर्षे फळ्यावर काढून दाखवले आहे. २०१९ च्या सुमारास उंदरांवरील नव्या कामाने त्याला धक्का दिला. त्या पेशी सगळ्या मरत नाहीत, बऱ्याच निष्प्रभ होतात, आणि नियामक टी-पेशी तग धरून त्यांना आवर घालतात, असे दिसू लागले. फळ्यावरची आकृती सोपी होती, एवढाच तिचा गुण राहिला.

२०२३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये ४३१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटास सायक्लोफॉस्फामाइड, टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट. दुसऱ्यास टॅक्रोलिमस व मेथोट्रेक्सेट हा प्रचलित उपचार. संयुक्त निकषानुसार एका वर्षाचे यश ५२.७ टक्के विरुद्ध ३४.९ टक्के. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील गटाने जुळणाऱ्या भावंडांच्या प्रत्यारोपणात, १३४ रुग्णांवर, याच दिशेचा निष्कर्ष दिला. तेथे या निकषाचा मध्यांक २६.२ महिने विरुद्ध ६.४ महिने असा होता. कोणत्याही औषध कंपनीला फारसा नफा न देणाऱ्या औषधाने असे यश मिळवावे, आणि अमेरिकेतील चाचणी सरकारी निधीवर उभ्या असलेल्या जाळ्याने करावी, हा योगायोग नव्हे.

तरीही नव्या निकषाचीही चिकित्सा केली पाहिजे. त्यात मृत्यू आणि दीर्घकालीन विकारासाठी सुरू केलेली औषधाची गोळी या दोन घटनांना सारखेच वजन आहे. तोंड आले म्हणून स्टेरॉइड घेणारा आणि अतिदक्षता विभागात प्राण सोडणारा, दोघेही हिशेबात 'अपयश'. अमेरिकेतील चाचणीत जगण्याच्या एकूण प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, ही गोष्ट उत्साहात मागे पडते. दुसरे असे की वैद्य सर्वांगीण औषध केव्हा सुरू करतो हा त्याचा निर्णय असतो; निकषाचा एक खांब रुग्णाच्या शरीरावर नव्हे तर वैद्याच्या सवयीवर उभा आहे. आणि 'सर्वांगीण औषध नाही' म्हणजे 'त्रास नाही' असेही नव्हे.

दीर्घकालीन विकाराच्या बाबतीत रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांना स्थान देणाऱ्या प्रश्नावल्या आहेत, ही जमेची बाजू. त्यांतील सर्वांत प्रचलित प्रश्नावलीत तोंडाच्या वेदनेमुळे काही पदार्थ टाळावे लागतात का, असा एक प्रश्न आहे. ज्या घरात वरण-भाताबरोबरही तोंडी लावायला मिरचीचा ठेचा लागतो, तेथे या प्रश्नाला सगळेच 'हो' म्हणतील; आणि जो आजारी पडल्यापासून पथ्याचेच खातो तो 'नाही' म्हणेल, कारण टाळण्यासारखे काही उरलेलेच नाही. अनुवाद अचूक असूनही उत्तर चुकीचे येऊ शकते. हा भाषेच्या अभ्यासकांनी हाती घ्यावा असा प्रश्न आहे, आणि बहुविद्याशाखीय नियतकालिकात तो मांडण्याचे कारणही तेच.

आपल्याकडील काम

सायक्लोफॉस्फामाइडचा हा मार्ग आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. कुटुंबे लहान होत चालली आहेत, पूर्ण जुळणारे भावंड मिळणे दुरापास्त होते आणि परक्या दात्यांच्या नोंदवह्या आपल्या लोकसंख्येच्या वैविध्यापुढे तोकड्या आहेत. अर्धा जुळणारा दाता मात्र बहुतेक घरांत असतो. औषध स्वस्त आहे. अडचण आहे ती मात्रेची. प्रतिकिलो ५० मिलिग्रॅम, दोन दिवस, ही मात्रा रूढ झाली; पण तीच सर्वोत्तम असल्याचे तुलनेने सिद्ध झालेले नव्हते. मोठ्या मात्रेने पांढऱ्या पेशी परतण्यास विलंब होतो आणि संसर्गाला वाव मिळतो. सायटोमेगॅलो विषाणू सुप्तावस्थेत बाळगणाऱ्या आपल्या रुग्णांना या विलंबाची किंमत पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा अधिक पडू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील गटाने कमी मात्रेचे प्रयोग हाती घेतले आहेत. ज्या देशात प्रत्येक जादा दिवस रुग्णालयात काढणे म्हणजे कुटुंबाच्या कर्जात भर, तेथे कमी मात्रेची यादृच्छिक चाचणी होणे अधिक निकडीचे आहे. तिला कोणतीही कंपनी पैसा देणार नाही हे उघड आहे, त्यामुळे तो सार्वजनिक निधीतून आणि अनेक केंद्रांनी मिळून उभारावा लागेल.

अशी चाचणी झाली तर तिच्या नोंदपत्रकात त्वचेच्या रकान्यापुढे 'लाली' हा एकच शब्द नसावा. रंगातील बदल, स्पर्श आणि मूळ त्वचेचा वर्ण यांची नोंद पहिल्या दिवसापासून, छायाचित्रासह असावी. हगवणीच्या रकान्यात संसर्गाच्या तपासणीचा निकाल असावा. आणि मृत्यू, रोग उलटणे, तीव्र विकार व दीर्घकालीन विकार या चार घटना एकत्र बेरजेबरोबरच स्वतंत्रही छापल्या जाव्यात, म्हणजे यशाच्या टक्केवारीत नेमके कोण जगले आणि कोण केवळ गोळीवाचून राहिले हे वाचणाऱ्याला मोजता येईल.